उंबऱ्यावरचा दोर

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगून टाकते, कारण खाली "ताई, मस्त रंगवलंय" असं लिहिणारे असतातच. रंगवायला मला वेळ नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे, सरकारी दवाखान्यात. रोज कोपरापर्यंत शेणात हात असतो माझा.

आणि दुसरं. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आम्ही बौद्ध. देव्हारा नाही, नवस नाही, उतारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा हातात टॉर्च द्यायचे. "जा, बघून ये काय आहे ते." मी जायचे. काही नसायचं.

त्या संध्याकाळीही मी टॉर्च घेऊनच बाहेर गेले होते...

दोन वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा. रत्नागिरी शहरापासून जवळच, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं आमचं गाव. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सुरुवात त्याच्या आधी झाली होती. एका घोड्यापासून.

घोड्याचं नाव सरदार. पांढराशुभ्र, उंच. गावच्या जुन्या जमीनदारांचा नातू हर्षद, त्याचा तो घोडा. हर्षदने सड्याच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला रिसॉर्ट काढलंय. तिथे लग्नं लागतात. नवरदेव सरदारवर बसून मिरवायचा आणि रविवारी मांडवीच्या किनाऱ्यावर त्याच्या पाठीवर पोरं फिरायची. जनावर गुणी होतं. मालक मात्र...

हर्षद आणि मी एकाच शाळेत होतो. मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. ते तो अजून विसरलेला नाही. आम्हाला पहिलीत शिकवायला माझेच बाबा होते, काशीराम गमरे गुरुजी. हर्षदने ग म भ न त्यांच्याकडूनच गिरवलं. तेही तो विसरला नसावा, कारण त्याचाच राग जास्त.

तर बुद्धपौर्णिमेच्या तीन दिवस आधी, सकाळी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"घोडा मेलाय. विष घातलंय. तुमच्या वाडीतल्या कोणीतरी."

"कशावरून?"

"परवा तुमच्या भाजीत शिरला होता ना? तेव्हा बायका शिव्या घालत होत्या. या आणि पोस्टमॉर्टेम करा. मला कागद पाहिजे, मग बघतो एकेकाला."

आमच्या वाडीत पंचवीस-तीस घरं. त्यातली निम्मी पोरं मुंबईत. उरलेल्यांवर विष घातल्याची तक्रार म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी बॅग उचलली.

सरदार तबेल्यात आडवा पडला होता. चारही पाय ताठ. तोंडावरची मोरकी तशीच होती आणि मोरकीचा काथ्याचा दोर खुंट्याला बांधलेला. जमीन खुरांनी खणून निघाली होती. रात्रभर तडफडला होता बिचारा. त्याला सांभाळणारा केरू लांब ओट्याच्या पेळेवर बसून डोळे पुसत होता.

"रात्री कळलं नाही?" मी विचारलं.

"कळला ना," केरू म्हणाला. "लोळत व्हता. पोटाकडं बगत व्हता. मालकांना उठवला मी. म्हनाले, सकाळी बगू."

मी गमबूट घातले, एप्रन बांधला, हातमोजे चढवले. हर्षद नाकाला रुमाल लावून उभा होता.

पोट उघडलं आणि आंबट भपकारा आला.

भात. जठर फुटून सगळा भात पोटात पसरला होता. त्यात वाटाणे, जिलेबीचे तुकडे. जठराच्या फाटीची कड रक्ताळलेली होती, म्हणजे फाटलं तेव्हा जनावर जिवंत होतं.

"विष?" हर्षदने विचारलं.

"भात," मी म्हणाले. "काल लग्न होतं ना इथे? उरलेलं सगळं कोणी घातलं याला?"

केरूने हर्षदकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"टाकून द्यायचं का मग? अन्न आहे," हर्षद म्हणाला.

"घोड्याला ओकता येत नाही, हर्षद. गाय रवंथ करते, कुत्रा ओकतो, घोड्याला दोन्ही नाही. आत गेलेलं फुगत जातं आणि शेवटी फुटतं. रात्रीच फोन केला असतास तर नळी घालून पोट रिकामं करता आलं असतं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आता बोंब मारायलाही जागा उरली नव्हती. त्याचं तोंड लाल झालं.

मी तपासणीचे नमुने घेतले, सगळं आत सारलं आणि दाभण-सुतळीने पोट शिवलं. कोणी बघो न बघो, उघडं जनावर मी तसं टाकून येत नाही. मग त्याला सांगितलं, खोल खड्डा काढ, चुना टाक, आजच्या आज पूर.

"मी?" तो हसला. "फाडलंत तुम्ही, न्या तुम्ही."

"पुरणं मालकाचं काम."

"आमच्या घराण्यात मेलेल्या जनावराला हात लावत नाहीत."

"मग आजपासून लावा."

मग माझ्यासमोरच, माझ्या डोळ्यांत बघत, त्याने केरूला हाक मारली.

"केरू, जा. खाली वाडीत जा आणि काशाला बोलाव. दोर घेऊन ये म्हणावं."

काशा.

माझे ऐंशीला टेकलेले बाबा. ज्यांनी त्याचा हात धरून पाटीवर अक्षरं काढली ते.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. केरू जागचा हलला नाही, एवढं मात्र खरं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाहीतर पुढचं कळणार नाही.

पूर्वी गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर होतं. विचारायची पद्धत नव्हती. वरून हाक यायची आणि माझे आजोबा, धाकू, दोर घेऊन जायचे. बाबा तेव्हा लहान. दोराचं मागचं टोक त्यांच्या हातात असायचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी ते काम सोडलं. एक दिवस तात्यांची, म्हणजे हर्षदच्या आजोबांची हाक आली आणि आजोबा दारात उभे राहून "नाय" म्हणाले. मग त्यांनी दोर चुलीत घातला आणि त्या जाळावर आजीने भात शिजवला. बाबा म्हणतात, तसा गोड भात परत कधी खाल्ला नाही. आजोबांनी त्या भातावर हात ठेवून बाबांकडून वचन घेतलं. हा दोर परत हातात धरायचा नाही. कोणी मारलं तरी नाही, कोणी रडलं तरी नाही.

बाबांनी ते आयुष्यभर पाळलं. मी जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पण माझे गमबूट त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत.

असो. तर घोडा.

चिरेखाणीवरचा जेसीबीवाला राकेश यायला तयार होता. पण जेसीबी तबेल्यापर्यंत न्यायचा तर कंपाउंडचा गडगा पाडावा लागणार. नवा, चिऱ्याचा, पॉलिश केलेला. हर्षद म्हणाला, त्याला हात लावायचा नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं.

शेवटी दुपारी त्याने काय केलं, तर खुंट्याचा दोर सोडून जीपला बांधला. घोड्याला हात लावलाच नाही. मोरकीला बांधलेल्या त्या दोराने सरदारला मानेने ओढत, कातळावरून फरफटत तो जुन्या चिरेखाणीकडे निघाला. आमच्या वाडीच्या वळणावर दोर जीपच्या बाजूने तुटला.

त्याने गाडी थांबवली, मागे बघितलं आणि निघून गेला.

सरदार तिथेच राहिला. वाडीच्या तोंडाशी, भर उन्हात.

संध्याकाळी केरू निरोप घेऊन आला. मान वर न करता म्हणाला, "मालक बोल्ले... वास सुटला की उचलतील त्यांचे तेच."

आईने त्याला पाणी दिलं आणि मग म्हणाली, "सांग तुज्या मालकाला, आमी पन नाक घेऊनच जन्माला आलंव. पन उचलनार नाय. कुजूंदे."

मी ग्रामपंचायतीत गेले. "मॅडम, उद्या ग्रामसेवक नाहीत, परवा बघू." वरातीमागून घोडं, दुसरं काय. राकेशला फोन केला. तो जेसीबी घेऊन आला, पण घोड्याजवळ पोचला की इंजिन बंद. मागे घेतलं की चालू. पुढे नेलं की बंद. तीनदा तसं झाल्यावर तो खाली उतरला. माझ्याशी नीट बोललाही नाही. "ताई, मशीन गरम झालाय," एवढं म्हणाला आणि गेला.

मशीन गार होतं. मी हात लावून बघितला होता...

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाताना वळणावर थांबले.

आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

वास नव्हता.

मे महिन्यातलं ऊन, तापलेला कातळ. आदल्या सकाळी मी स्वतः पोट उघडलेलं जनावर. एव्हाना त्याचा ढोल व्हायला हवा होता. सुतळीचे टाके तटतटायला हवे होते. काहीच नाही. पोट सपाट, टाके जसेच्या तसे. कातळावरून एवढं फरफटत येऊनही.

कावळा नव्हता. कुत्रं नव्हतं. एक माशीसुद्धा नव्हती.

मी वाकून डोळा बघितला. मेलेल्या जनावराचा डोळा लवकर धुरकटतो, आत ओढला जातो. मी हजार बघितलेत.

हा डोळा ओला होता...

मी घरी कोणाला बोलले नाही. काय बोलणार? घोडा मेलाय ना, हेच परत तपासावं लागेल? मी तपासलं होतं. नाडी, डोळा, सगळं. आणि आतलं काळीज तर मी हातात धरून बघितलं होतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज आला.

दिवेलागणीची वेळ. आई तांदूळ निवडत होती, बाबा पडवीत.

खर्रर्र...

मग शांत.

खर्रर्र...

भरलेलं पोतं कातळावरून ओढावं तसा आवाज. थोडं ओढायचं, दम खायचा, परत ओढायचं.

"आला वाटतं जीप घेऊन," आई म्हणाली.

पण जीपचा आवाज नव्हता. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं आणि ते मान एका बाजूला करून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळख होती. तेच मला आवडलं नाही.

सकाळी वाडीत गलका. घोडा वळणावर नव्हता.

तो आत आला होता. विहाराच्या कुंपणापाशी पडला होता. मागे कातळावर पांढुरका ओरखडा, सरळ वळणापासून इथपर्यंत. लाल धुळीत टायरची खूण नाही, पावलाची खूण नाही. आणि मोरकीचा तो तुटका दोर... तो घोड्याच्या पुढे सरळ रेषेत पसरलेला होता. ओढता ओढता कोणीतरी नुकताच खाली ठेवलाय, असा.

दोराचं टोक आमच्या घराकडे होतं.

वाडीतली पोरं चिडली. हर्षदचंच काम, म्हणाली. आता आपणच हा घोडा ओढू आणि त्याच्या गेटसमोर नेऊन टाकू, परवा लग्न आहे ना त्याच्याकडे, होऊ दे शोभा. दोघे तर वाकलेही होते.

"थांबा!"

बाबांचा वर्गातला आवाज. कित्येक वर्षांनी ऐकला मी.

"दोराला हात लावायचा नाही. रागानेसुद्धा नाही. आज रागाने धराल, उद्या तो कामाला म्हणून धरायला लावील. त्याला तेवढंच पाहिजे."

पोरं मागे सरली. "त्याला" म्हणजे हर्षदला, असंच सगळ्यांना वाटलं.

मलाही.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी अख्खी वाडी विहारात. पांढरे कपडे, मेणबत्त्या, खीर. जाताना सगळे घोड्याकडे न बघता कुंपणाच्या पलीकडून गेले. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून ते घरी थांबले आणि त्यांच्यासोबत मी. आई खिरीचं पातेलं घेऊन पुढे गेली.

सूर्य बुडाला होता पण उजेड होता. समोरच्या डोंगरावरून चंद्र वर येत होता. विहारातल्या लाऊडस्पीकरवर वंदना चालू झाली. सगळी वाडी एका सुरात म्हणत होती. ऐकून बरं वाटलं.

आणि मग ती थांबली.

संपली नाही. मध्येच, शब्दाच्या मध्येच ऐकू यायची बंद झाली. रातकिडे पण बंद. समुद्राची गाज आमच्याकडे चोवीस तास असते, तीसुद्धा नाही.

खर्रर्र...

जवळ होता. खूप जवळ.

खर्रर्र...

मी टॉर्च उचलली. खरं सांगते, जायचं नव्हतं मला. पण सवय. जा, बघून ये काय आहे ते.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आले आणि टॉर्च लावायची गरजच पडली नाही.

सरदार आमच्या खळ्यात पडला होता. पांढराशुभ्र. माझ्या सुतळीचे टाके पोटावर ओळीने दिसत होते. मान लांब ताणलेली. डोळा उघडा आणि ओला, आणि तो माझ्याकडे नव्हता.

घराकडे होता.

माझ्या पायाजवळून दोर गेलेला होता. मी त्याच्यामागे नजर नेली. खळं... पायरी... पडवी...

दोराचं टोक उंबऱ्यावर होतं.

आणि उंबऱ्याच्या आत बाबा उभे होते.

"बाबा, मागे व्हा," मी म्हणाले. ओरडायला गेले पण कुजबुजच निघाली.

त्यांनी ऐकलं नाही. ते खाली दोराकडे बघत होते. आणि मी बघितलं... त्यांचा उजवा हात उघडत होता. बोटं हळूहळू वाकत होती, अंगठा आडवा येत होता. दोर धरायला हात जसा होतो ना, तसा. त्यांना ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांनी हात आपला आपण चालला होता.

तेव्हा आवाज आला. घोड्याच्या पलीकडून, जिथे कोणीच नव्हतं तिथून. म्हाताऱ्या माणसाचा, खर्जातला. राग नाही, घाई नाही. रोजचंच काम सांगावं तसा.

"ए काशा... दोर घे."

तो हर्षदचा आवाज नव्हता.

बाबा हळूच म्हणाले, "तात्या."

तात्या जाऊन तीसेक वर्षं झाली. मी त्यांना बघितल्याचंही मला आठवत नाही.

"घे म्हटलं ना. बाप कुठे आहे तुझा?"

बाबा वाकले.

मला वाटलं, संपलं. सगळं संपलं. आजोबांचा दोर, तो भात, बाबांची शाळा, माझी डिग्री, सगळं त्या एका हाताच्या अंतरावर होतं.

बाबा वाकले आणि त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटापाशी घट्ट धरला. मग सरळ उभे राहिले. गुडघा दुखत असताना, काही न धरता.

"नाय," ते म्हणाले.

बाबा एरवी शाळेतलं मराठी बोलतात. पण ते गावच्या बोलीत बोलले, लहानपणीच्या.

"नाय तात्या. तेव्हा माजा बापूस नाय म्हनाला. आज मी म्हनतंय. आमचा काम नाय ता, कधीच नव्हता. ज्याचा जनावर त्यानं ओढायचा. तुमचा नातू हाय वर घरात. त्याला सांगा."

काहीच झालं नाही.

मग सरदारच्या नाकातून श्वास सुटला. लांब, दमलेला. मी त्याचं फुप्फुस कापून बघितलं होतं.

उंबऱ्यावरचा दोर सरकला. पडवीवरून, पायरीवरून, माझ्या पायाला घासून. काथ्याचा तो खरखरीत स्पर्श मला अजून जाणवतो. दोर गरम होता. हातात धरून ठेवलेला असावा तसा गरम.

खर्रर्र...

आवाज लांब जायला लागला. वरच्या बाजूला, रिसॉर्टकडे. मी डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू. उघडले तेव्हा खळं रिकामं होतं आणि विहारातली वंदना चालू होती, जिथे थांबली होती तिथून पुढे.

बाबांचं मनगट काळंनिळं झालं होतं. त्यांच्याच बोटांनी.

सकाळी ओरखडा आमच्या खळ्यातून निघून थेट हर्षदच्या कंपाउंडपर्यंत गेलेला होता. तिथला नवा गडगा कोसळला होता. आणि तिथून पुढे जुन्या चिरेखाणीपर्यंत. खाणीत मातीचा ताजा ढिगारा.

लग्न झालं नाही म्हणे. मंडळी आली आणि परत गेली.

केरूने मला रस्त्यात गाठलं. तो मुळापासून हादरला होता. "मालकांनी वडला, बाई. एकट्यान. मी बगितला माज्या डोल्यानी. चार मानसांना हलनार नाय असा घोडा आनि त्यो एकटा... रडत व्हता आनि वडत व्हता."

केरूने त्याच दिवशी ती नोकरी सोडली.

पंधरवड्याने हर्षद माझ्या दवाखान्यात आला. बाकावर गाई-बकऱ्यांची माणसं बसली होती, त्यांच्यात येऊन बसला. मी त्याला ओळखलंच नाही आधी. गालफडं बसलेली. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली.

फडकी सोडली तर तळव्यांना कातडी नव्हती.

"माणसांच्या डॉक्टरकडे जा," मी म्हणाले. मनातून मला बरं वाटलं होतं, तेही सांगते.

"गेलो होतो. बरं होतं आणि संध्याकाळी परत..." तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "रोज संध्याकाळी तो दारात असतो. मी पुरतो. रोज. दुसऱ्या दिवशी परत दारात. आणि ते... ते हाक मारतात. मला 'नाही' म्हणता येत नाही, श्रुती. तोंडच उघडत नाही."

माझं नाव त्याने शाळेनंतर पहिल्यांदा घेतलं.

"गुरुजींना विचारशील?" तो म्हणाला. "तुमच्याकडे माहीत असेल. हे संपतं कधी?"

काशा नाही. गुरुजी.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं संपेल म्हणून. आम्ही संपवलं. त्याला सांग, दारात उभा राहा आणि बोल. मी येऊन त्याच्यासाठी बोलू शकत नाही."

मी सांगितलं. तो बोलू शकला की नाही ते माहीत नाही, कारण हर्षद कुठे जात नव्हता आणि कोणाला भेटत नव्हता. पाहुणे यायचे बंद झाले. दिवेलागणीला वरून आवाज यायचा, रिसॉर्टपासून खाणीपर्यंत. आम्ही रेडिओ लावायचो.

या वर्षी होळीनंतर रिसॉर्टला कुलूप लागलं. हर्षद मुंबईला गेला म्हणतात. काही म्हणतात, आणखी लांब.

आवाज बंद झाला. मला वाटलं, सुटलो सगळे.

गेल्या आठवड्यात आवाज परत आला.

आता तो खाणीकडे जात नाही. वरच्या घरात ओढायला कोणी उरलं नाही ना. वळणावर येतो. थांबतो. दुसऱ्या दिवशी थोडा आत.

बाबा रोज दिवेलागणीला दारात जाऊन उभे राहतात. आता काठी लागते. मी त्यांच्यामागे असते. ते "नाय" म्हणतात, आवाज मागे जातो. दुसऱ्या दिवशी परत. त्यांना धाप लागते म्हणून मी दारात खुर्ची ठेवलीय, पण बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.

काल खळ्यापर्यंत आला होता. घोडा दिसला नाही. नुसता दोर, पायरीवर.

आणि आवाज आला. तोच, खर्जातला. पण काल तो काशा म्हणाला नाही.

"ए श्रुती... दोर घे."

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते नेहमीसारखं बोलतील. ते बोलले नाहीत. काठी टेकत ते बाजूला झाले आणि दार माझ्यासाठी मोकळं केलं.

मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि नाही म्हणाले. दोर सरकत गेला.

मग मी खाली बघितलं. माझा उजवा हात अर्धा मिटलेला होता. अंगठा आडवा.

मी आयुष्यात कधी तो दोर धरलेला नाही. मला कोणी तो धरायला शिकवलेलं नाही.

आत्ता हे लिहितेय तेव्हा साडेसहा वाजून गेलेत. आई दिवा लावायच्या तयारीत आहे. बाबांनी खुर्ची दारातून काढून आत ठेवलीय आणि ते तिच्यावर बसलेत.